तीन भाषांची साक्ष

माझ्या मावशीला घरात सगळे ‘पालापाचोळा’ म्हणायचे. आता कोणी बोलत नाही अशा भाषांतली झाडांची नावं शोधायची, कुठलं नाव कुठल्या झाडाचं ते ठरवायचं आणि चपलांच्या खोक्यांत कार्डं लावून ठेवायची, हा तिचा संसार. तीस वर्षांनी त्याचा कोश झाला. झाडाचं नाव, आणि जुने वैद्य ते कशावर देत, ते.

कोश छापून दोन वर्षं झाल्यावर तिला स्वतःचीच चूक सापडली. सांधेदुखीवरच्या एका मुळीचं झाड तिनं पक्कं केलं होतं, कारण एका जुन्या वैद्यकग्रंथाची तीन भाषांतली तीन जुनी भाषांतरं एकच झाड सांगत होती. आता पुन्हा वाचताना दिसलं, की तिन्हींत एकाच जागी एकच ओळ गळलेली आहे. म्हणजे साक्षीदार तीन नव्हतेच. दोघांनी पहिल्याची कॉपी मारली होती. आणि त्या पहिल्या शहाण्याच्या मुलखात मूळ झाड उगवतच नव्हतं, म्हणून त्यानं दिसायला तसंच दुसरं ठोकून दिलं. हे दुसरं विषारी. थोडं थोडं पोटात गेलं तर गुंगी येते, आणि एक दिवस हृदय थांबतं.

प्रकाशक म्हणाला, “बाई, एवढं कोण वाचतं? पुढच्या आवृत्तीत बघू.” त्याच्या टेबलावरचा पेपरवेट त्याच्याच डोक्यात घालावा असं मला वाटलं. मावशीनं दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि डिंकाची बाटली घेऊन ती वाचनालयं पालथी घालू लागली. एका ठिकाणी पुस्तक खराब करते म्हणून तिला बाहेर काढलं. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं, बोटं सदा चिकट. मी चिडायचे. “कोणी खात नसेल गं ती मुळी,” म्हणायचे.

मग एका बाईंचं आभाराचं पत्र आलं. आईचे गुडघे फार दुखायचे, तुमच्या कोशात बघून मुळीचा काढा दिला, दुखणं विसरून ती दिवसदिवस झोपायची. गेल्या महिन्यात झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही. आता बाबांनाही सुरू केलाय. खाली पूर्ण पत्ता होता.

दोन बस बदलून आम्ही दुपारी पोचलो. मावशीचं नाव ऐकून त्या बाई हरखल्याच. “या ना, आत या. बाबा झोपलेत. हल्ली खूप झोपतात.”

मावशी त्यांना बाजूला सारून आत घुसली आणि म्हाताऱ्यांना खांद्याला धरून गदागदा हलवू लागली. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. मी डॉक्टरांना फोन लावला. मावशीनं ओट्यावरचं काढ्याचं पातेलं मोरीत ओतलं आणि त्या बाईंना सगळं सांगितलं, काही न लपवता.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे आईला रोज दोन वेळा मी माझ्या हातानं...”

“तुम्ही नाही,” मावशी म्हणाली. “मी.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या हातातलं पातेलं घेतलं, मोरीत बसल्या आणि ते घासायला लागल्या. डॉक्टर आले तरी त्या घासतच होत्या.