करदोड्याची किल्ली

आमदार होण्याआधी मी सैन्यात इंजिनिअर होतो. पूल बांधायचे आणि वेळ आली तर उडवायचे, हे माझं काम. सुरुंग उडवायच्या यंत्राचा दांडा माझ्या खिशात असायचा आणि शेवटचा माणूस मागे आल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही, हा नियम मी जवानांच्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवला. आता सभागृहात वादळातही टिकणाऱ्या वीजयंत्रणेवर भाषणं ठोकतो.

यंदा वैशाखातल्या वादळाने बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे खांब आडवे केले. दोन दिवसांनी दुपारी मी तिकडच्या एका गावात गेलो, तर बायकांनी रिकाम्या घागरी घेऊन गाडीच अडवली.

"टाकीत पानी नाई सायेब, दोन दिवस झाले. लाइन कवा येईन?"

चारचौघांत वट दाखवायची संधी कोण सोडतो? मी तिथूनच विजेच्या उपकेंद्रात फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि परेडवरचा आवाज काढला. "दहा मिनिटांत लाइन पाहिजे. सबबी नकोत."

पलीकडचा ऑपरेटर नवखा असावा. "सर, पण तिकडे..." एवढं बोलला. मी पुढचं ऐकलंच नाही. शेवटी तो "हो सर" म्हणाला. बायका खूश, मीही खूश.

परतताना फाट्यावरच्या टपरीवर चहाला थांबलो. समोरच्या नांगरलेल्या शेतात खांबावर एक लाइनमन चढलेला दिसला. कमरेला पट्टा, दोन्ही हात तारांवर. त्या तारा मी आत्ता सोडलेल्या गावाकडेच जात होत्या.

ऑपरेटरचं ते अर्धवट 'पण तिकडे...' आता कळलं. उपकेंद्राचा फोन लावला, तर एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. सगळा तालुका तोच नंबर फिरवत असणार. इतक्यात डोक्यावरचा पंखा गरगरू लागला.

"आली, आली!" चहावाला ओरडला.

मी धावत सुटलो. ढेकळांत दोनदा पडलो. "हात काढ! खाली ये!" असं ओरडत होतो, पण तो फार लांब होता. सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून चाललो आहे मी, पण असा कधी भ्यालो नव्हतो. तिथे जीव माझा होता. इथे दुसऱ्याचा, आणि घेणारा मी. वर बघायची हिंमत होईना. तरी बघितलं.

तो शांतपणे तार आवळत होता.

काम संपवून तो उतरला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला गृहस्थ. फाट्याजवळच्या खांबावरचा स्विच पाडून त्याने त्याला कुलूप ठोकलं होतं. वीज टपरीपर्यंत आली आणि तिथेच अडली. कुलपाची किल्ली त्याच्या करदोड्याला बांधलेली होती.

"उपकेंद्रातून लाइन बंद करून घेतली होतीस ना? मग कुलूप कशाला?" मी धापा टाकत विचारलं.

"रोज नाई लावत सायेब," तो घाम पुसत म्हणाला. "आज तुमी गावात येऊन राहिले असं आयकलं, मंग कुलूप लावूनच चढलो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस येणार म्हणून छत्री घेतली, इतक्या साधेपणाने त्याने ते सांगितलं. मला त्याच्याकडे बघवेना.

त्याने करदोड्याची गाठ सोडली. "देऊ का आता लाइन?"

"वर कोणी नाही ना?" मी विचारलं.

एवढंच मी फोनवर विचारायला हवं होतं.