आक्काची मुकी मडकी

मडकं घेताना लोक ते वाजवून बघतात. बोटाचं पेर मारायचं, टणटण आवाज आला की घ्यायचं. आक्काही वाजवायची. पण टणटण वाजलेलं मडकं ती खाली ठेवायची आणि पुढचं उचलायची. ‘बद्द’ असा आवाज आला की खूश. कुंभारगल्लीतले मामा वैतागायचे.

“पोरी, ते जाड झालंय गं. पाणी गार हुणार न्हाय त्यात.”

“पाणी कोण भरतंय मामा? मला गाणं भरायचंय. बोलकं नको, मुकं द्या. मडकंच बोलाय लागलं तर गाणारीचं कोण ऐकणार?”

मामा माझ्याकडं बघून डोक्याजवळ बोट फिरवायचे. आणि वर एक पणती फुकट द्यायचे.

आक्का म्हणजे आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या दादांची थोरली मुलगी. नात्यानं माझी कुणी नव्हे. पण सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची म्हणून मीही. आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. मी तेव्हा कॉलेजात, आणि कॉलेजपेक्षा जास्त महिला संघटनेच्या खोलीत. पत्रकं लिहायची, वाटायची, भिंतींवर चिकटवायची. खळीनं हात कायम चिकट. आक्का मला ‘पुढारीन’ म्हणायची. “आले बघा पुढारीन! कुणाचा धिक्कार करून आला?” ती स्वतः ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायची. कोल्हापुरात बायका तसंच बोलतात, त्यात काही विशेष नाही. तिच्या तोंडी मात्र ते जरा जास्तच शोभायचं.

तिच्या माडीवरच्या खोलीत दोन मडकी होती, जाड चुंबळींवर बसवलेली. प्रत्येकाच्या तोंडावर कागदी पडद्याचा एकेक स्पीकर, कडेनं काचा बसवायची लांबी भरून पक्का केलेला. स्पीकर कुठल्यातरी मोडीत निघालेल्या मोटारीतले. मडक्याच्या पोटाला एक छोटं भोक, त्यातून वायर बाहेर. आणि पोटात जुन्या घोंगड्याचे तुकडे. “स्पीकर पुढं जेवढा गातो तेवढाच मागं,” ती सांगायची. “मागचा आवाज आत घुमून परत बाहेर आला की पुढच्याचा चिखल करतो. घोंगडं त्याला गिळतंय.” लाकडी पेटीला समोरासमोर भिंती असतात, आवाज त्यांच्यात चेंडूसारखा आपटत बसतो, मडकं गोल, आपटायला कोपराच नाही. आणि जाड माती थरथरत नाही. मोठ्या दुकानात काचेआड ठेवलेल्या स्पीकरांना जे जमवायला लाकूड, खिळे आणि जाहिरात लागायची ते आमच्या कुंभारमामांनी चाकावर उगीच चूक म्हणून करून ठेवलेलं होतं.

अँप्लिफायर लाडवांच्या पत्र्याच्या डब्यात होता. आत बाजारात सुटी मिळणारी एक काळी चिप, आणि डब्याचं जवळजवळ सगळं वजन एका ट्रान्सफॉर्मरचं. अँप्लिफायर कसा पारखायचा हे आक्काकडून शिकावं. ती तो उचलायची. बस्स. जड असेल तर खरा.

एकदा आम्ही दोघी एका दुकानात गेलो होतो, माझ्या मामाला टेपरेकॉर्डर बघायला. त्या दिवसांत डब्यांवर चंदेरी स्टिकर असायचे, वॅटचे आकडे वाचून छाती दडपावी असे. दुकानदारानं एक झगमगता डबा लावला. दिवे नाचायला लागले, काउंटरची काच थरथरायला लागली. “पाच हजार वॅट हाय, ताई!”

आक्कानं तो डबा एका हातानं उचलला. “पावणं, पाच हजार वॅट ह्या सुतळीएवढ्या वायरीतनं येतंय व्हय? मग मसाल्याचं डंक बी ह्याच्यावरच चालवा की.”

“ताई, बास बघा की, बास!”

“धमधम म्हणजे बास न्हवं. तबल्याचा डग्गा कुठल्या सुरात लावलाय ते ऐकू आलं पायजे. हितं तर कुणीतरी गादी बडवतंय.”

मी तिथंच तापले. क्षणभराच्या दणक्याचा आकडा छापून कायमच्या ताकदीचा म्हणून विकायचा, ही सरळ फसवणूक होती आणि यावर पत्रक निघायलाच हवं होतं. आक्का जिना उतरताना म्हणाली, “काढ पत्रक. पर लोकास्नी दिवं आवडत्यात गं. आवाज कुणाला पायजे?”

तिला पाहिजे होता. आणि तो ऐकायची तिची एक पद्धत होती. मडकी जेवढी एकमेकांपासून लांब, तेवढीच ती आपल्यापासून लांब, तिन्हींचा त्रिकोण. त्या टोकाला एक सतरंजी. “हितं बस. हलू नको. डोळं मीट.” पहिल्यांदा मी वैतागून बसले, कारण मोर्चा होता. आक्कानं कॅसेट लावली. आणि डावं मडकंही गात नव्हतं, उजवंही नाही. दोन्हींच्या मधे, जिथं नुसती पोपडे आलेली भिंत होती, तिथं एक बाई उभी राहून गात होती. तिनं श्वास घेतलेला ऐकू आला. मी डोळे उघडले तर भिंतच. जरा डावीकडं सरकले, तर बाई गेली. सगळं गाणं डाव्या मडक्यात जाऊन बसलं.

“सरकलीस न्हवं?” आक्का म्हणाली. “ती जाग्यावर बसणाऱ्यालाच दिसत्या.”

मोर्चा चुकला. पुढं कितीतरी दुपारी मी त्या सतरंजीवर काढल्या.

मग तिचं लग्न ठरलं. आजऱ्याचं घर, काजूचा कारखाना, शिकलेला मुलगा. हुंडा नको म्हणाले, ‘तुमच्या हौसेनं काय ते द्या’ म्हणाले. या हौसेवर मी तीन पत्रकं लिहिलेली आहेत, ती इथं परत लिहीत नाही. आक्काला लग्नाचं काही विशेष वाटत नव्हतं. तिच्या डोक्यात रुखवत होतं. नवरीनं हातानं केलेल्या वस्तू मांडायच्या ना? “सगळ्यांच्या रुखवतात मण्यांची बदकं असत्यात. बदक काय करतंय? बसतंय. मी ऐकू येणारं रुखवत मांडतो.”

मांडवात लोकरीची तोरणं, साखरेचे कळस, बांगड्यांची पालखी आणि त्या सगळ्याच्या दोन टोकांना तिची दोन मडकी. गेरूनं रंगवलेली, चुन्याची नक्षी काढलेली. हळू आवाजात गाणं चालू. आलेल्या बायका थबकायच्या, मधोमध कोण गातंय म्हणून टेबलामागं डोकवायच्या. आक्का मुंडावळ्या सावरत लांबून बघत होती. तिला इतकी आनंदात मी परत पाहिली नाही.

मुलाच्या आत्यानं वाकून बघितलं. मडक्याच्या पोटातलं भोक तिला दिसलं, त्यातून निघालेली वायर दिसली. ती किंचाळलीच. “अगं बाई! भोकाचं मडकं! लग्नात!”

भोक पाडलेलं मडकं कुठं नेतात आणि कुणाभोवती फिरवतात हे ज्याला माहीत नाही असा माणूस आपल्याकडं नाही. आणि दोन होती. मांडव बसल्या जागी गार पडला. त्याच मांडवात, पाच हातांवर, कुंभाराकडून वाजतगाजत आणलेली ऐरणीची रंगीत मडकी पुजलेली होती. माती तीच, कुंभारमामाही तेच. पण त्यांना भोक नव्हतं! मुलाची आई खाली बसून रडायला लागली. कुणी गाड्या काढा म्हणालं. दादांनी टोपी काढली आणि हात जोडले. नवरदेव आपल्या बुटांकडं बघत होता.

मी बोलायला तोंड उघडलं. आक्कानं माझ्याकडं बघून मान हलवली. नुसती हलवली, पण मी गप्प झाले. मग तिनं स्वतः जाऊन पिना उपसल्या, गाणं मधेच तुटलं. मडकी चुंबळींसकट पोत्यात घातली. आणि सासूसमोर उभी राहून म्हणाली, “रुखवतात ठेवत न्हाय. पर माझ्या सामानात येणार.” तेवढंच तिनं मागितलं. सासूनं डोळे पुसत मान डोलावली. लग्न लागलं.

पुढं काही वर्षांनी काजू सोलणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी आमची आजऱ्याला बैठक होती. बैठक आटोपून मी आक्काच्या घरी गेले. सोप्यात काचेच्या कपाटात त्या दुकानातल्यासारखाच झगमगता डबा, वर क्रोशाचा रुमाल. पाहुणी आली म्हणून सासूबाईंनी कौतुकानं लावला, दिवे नाचले, आणि त्या माझ्याशी त्याच्याहून मोठ्यानं बोलायला लागल्या. वाईट बाई नव्हे. आक्का त्यांना आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायची. मला दोनदा काजू वाढले.

आक्का स्वयंपाकघरात उभी होती. “बसा पुढारीन, ह्यो पाट घ्या.” ती बसली नाही. भाकरी, चहा, सासऱ्यांचं औषध, कारखान्यातल्या माणसांचं ताक. सोप्यातून “अगं ए” आलं की हातातलं टाकून जायची, परत यायची, पुन्हा “अगं ए”. माझं एक वाक्य तिच्यापर्यंत तीन हप्त्यांत पोचलं.

“मडकी कुठायत?” मी विचारलं.

तिनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. एकच होतं. त्यात चिंच भरलेली.

“दुसरं?”

“आत्याबाईंचा ताप उतरंना, तवा परड्यात नेऊन फोडलं. ह्याचं भोक मी मेणानं बुजवलं आणि चिंच भरली. चिंचेच्या मडक्याला कोण भितंय?”

“आणि स्पीकर, डबा?”

“हाईत. तांदळाच्या कणगीत.” ती हसली. “एकदा सगळी जत्रंला गेलती तवा लावलंतं. एका मडक्यावर. पर एकावर ती मधली बाई येत न्हाय गं.”

माझं डोकं भणाणलं. “चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता.”

“कुठं? तुझ्या पत्रकात?” भाकरी उलटत ती म्हणाली. “तितं चूल हाय? माझ्या लेकीची शाळा हाय? पुढारीन, ही माणसं वाईट न्हाईत. मारत न्हाईत, उपाशी ठेवत न्हाईत. बसू तेवढं देत न्हाईत.”

मारहाणीवर माझ्याकडं पत्रक होतं. हुंड्यावर होतं, मजुरीवर होतं. बाईला घडीभर बसू न देण्यावर नव्हतं. अजून नाही. कुठलं कलम लावायचं त्याला? कुणाच्या दारात घोषणा द्यायच्या? सगळं काही विकत मिळतं, मोडीतले स्पीकर, कुंभाराचं बिघडलेलं मडकं, जुनं घोंगडं. या सगळ्यातून उत्तम आवाज निघतो, मी ऐकलाय. पण त्रिकोणाचं तिसरं टोक कुठल्या बाजारात मिळतं ते मला सांगा.

निघताना आक्का मोठ्यानं म्हणाली, “आत्याबाई, हिला घनसाळ देतो जरा. आणि चिंच.”

“दे की, मडक्यासकट दे. लांबनं आलीया पोर.” सासूबाईंनी स्वतः तांदळाची पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि कमरेला हात लावला. “अगं बया! घनसाळ एवढा जड?”

“जडच असतो खरा,” आक्का म्हणाली. तिचा चेहरा इतका साळसूद होता की मला रस्त्यावर येऊन हसावं लागलं. स्टँडवर पोचेपर्यंत हसू गेलं होतं. डबा, स्पीकर, मडकं, सगळं सुटलं होतं. ती तिथंच होती.

मी कुंभारगल्लीत गेले. मामा थकले होते, पण होते. मी मडकी वाजवायला लागले तेव्हा त्यांनी मान वर केली. “मुकंच पायजे न्हवं?”

संघटनेच्या खोलीत, पत्रकांचे गठ्ठे हलवून, मी दोन्ही मडकी मांडली. त्रिकोण जुळवला. सतरंजी टाकली. आणि आक्काची वाट बघत राहिले. ती भावाच्या मुलाच्या बारशाला आली तेव्हा अर्धा तास काढून जिना चढली. नवरा तिला खाली सोडून जीपनं बाजारात जाऊन येणार होता.

आल्याआल्या तिनं नव्या मडक्यावर पेर मारलं. बद्द. “शाबास, पुढारीन.”

“बस,” मी म्हणाले. “हलू नको. डोळं मीट.”

ती बसली. मी कॅसेट लावली. आक्काचा चेहरा सैल पडला, ओठ जरा हलले. मधली बाई आली होती. तेवढ्यात शेजारी कुकरची शिट्टी झाली आणि आक्का ताडकन उठली.

“शेजारचा हाय तो. बस.”

ती ओशाळली, बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी “अगं ए” म्हटलं. आक्का पदर खोचत उभी. मी तिचा दंड धरून खाली बसवलं. पण आता तिचे डोळे उघडे होते आणि दाराकडं होते. जरा वेळानं ती आपली आपणच उठली आणि उभी राहिली.

“ती जाग्यावर हाय गं,” ती म्हणाली. “मलाच बसाय येईना झालंय.”

खाली जीपचा हॉर्न वाजला. अर्धा तास कुठला, गाणं निम्मंसुद्धा झालं नव्हतं. आक्कानं चपला घातल्या. मी टेप बंद करायला हात नेला तेव्हा तिनं जिन्यावरून वळून बघितलं.

“तोडू नको. पुरं हुंदे.”

हॉर्न पुन्हा वाजला, मग जीप गेली. मी सतरंजीवर बसले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले, त्यामुळं मला ती बाई दिसत नव्हती, सगळा आवाज एकाच मडक्यात आला होता. पण ती तिथं मधोमध उभी असणार. रिकाम्या सतरंजीकडं तोंड करून तिनं गाणं पुरं केलं.