थांबून थांबून इंग्रजी

धोतऱ्याची वाळलेली पाने निखाऱ्यावर पडली की आधी क्षणभर नुसती कुरकुरतात, आणि मग त्यांच्यातून एक कडवट, जड, शेवटी किंचित गोडसर होत जाणारा धूर वर येतो. दिवाळी सरली की नागपूरची पहाट गार होते, कापसाने लदलेल्या गाड्या सीताबर्डीवरून सरकी काढणाऱ्या जिनांकडे निघतात, त्यांच्या बैलांच्या घंटा लांबून किणकिणत येतात, आणि उन्हाची पहिली तिरीप पडली की हवेत रुईचे तंतू तरंगताना दिसतात. किती देखणा हंगाम! आणि नेमक्या याच हंगामात मी मागच्या पडवीत, डोक्यावरून पदर ओढून, त्या धुरावर वाकून बसलेली असते. कुणाची सकाळ चहाच्या वासाने उजाडते, कुणाची उदबत्तीच्या; माझी धोतऱ्याच्या धुराने उजाडते. नवख्याला त्या धुराने ठसका लागतो. मला मात्र तो वास आला की हायसे वाटते. छातीत घट्ट बसलेली दारे एकेक करून किलकिली होतात, आणि आजचा दिवस सुरू करायला हरकत नाही, असे मनाशी ठरते.

दमा माझ्याकडे लहानपणीच राहायला आला. त्याला पाहुणा म्हणावे तर तो जात नाही, आणि घरचा म्हणावे तर चारचौघांत त्याची ओळख करून देता येत नाही. मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला धडे मोठ्याने वाचायला लावीत, तेव्हा माझी पाळी येण्याआधीच मी पुढच्या परिच्छेदात मुक्कामाच्या जागा हेरून ठेवी. या शब्दापर्यंत श्वास पुरेल, तिथे थोडे टेकायचे, मग पुढची चढण. लांबच्या वाटेने निघालेला वाटसरू सावलीची झाडे आधी विचारून घेतो, तसेच ते. सिस्टरना वाटे, ही मुलगी अर्थ समजून वाचते. मी त्यांना तसे वाटू दिले. शब्दांच्या आधी मला शब्दांमधल्या जागा कळल्या, आणि आजही एखादे पान समोर आले की माझी नजर पहिल्याने तिथेच जाते.

कॉलेजात नाव घातले ते शिष्यवृत्तीच्या बळावर. पहिले वर्ष संपता संपता ती गेली. परीक्षेत मी वरच्याच मुलांत होते, पण हजेरी कमी भरली. नियम साधा होता, आणि साध्या नियमाशी भांडणे फार अवघड असते. माझे वडील सचिवालयात कारकून. त्यांच्या पगारात एक खर्च बसतो, दोन बसत नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, चष्मा काढला आणि म्हणाले, "डॉक्टरांचे आणि औषधाचे मी कधी अडू देणार नाही. कॉलेजचे मात्र आता तुला बघावे लागेल." त्यांच्या आवाजात रागही नव्हता आणि दयाही नव्हती. त्यांनी मला स्वतःचे स्वतः बघता येणाऱ्या माणसासारखे वागवले, याचे मला फार बरे वाटले.

आजाराचा खर्च म्हणजे औषधाची बाटली, असे निरोगी माणसांना वाटते. बाटलीची किंमत दुकानदार सांगतो. पण आजार दिवस खातो, त्याची किंमत कुणी सांगावी? चांगल्या दिवशी मी इतर कुणाहीइतकी असते, कदाचित कांकणभर जास्तच. वाईट दिवशी मी नसते. आणि जगातल्या बहुतेक ठिकाणी पैसे मिळतात ते असण्याचे!

त्याच सुमारास मौद्याकडच्या एका मालगुजारांनी धरमपेठेत नवा बंगला बांधला होता. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई यांना इंग्रजी शिकवायला कुणी बाई हवी होती. गोऱ्या अधिकाऱ्याची मडम बड्या घरच्या बायकांना चहाला बोलावी, तिथे पडद्यामुळे पुरुष नसत, आणि मग बोलण्याची जबाबदारी बायकांवरच येई. वडिलांच्या एका स्नेह्याने माझे नाव सुचवले. मी गेले. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, ठसठशीत कुंकवाच्या, सगळ्या गावाची वसुली तोंडपाठ असलेल्या त्या बाईंनी मला खालीवर न्याहाळले.

"तुमीच का वं मास्तरीण? मले वाटलं, चष्मेवाली म्हातारी येईन. हे पाहा, मले बोलाची इंग्रजी पाह्यजे. लिवाची नाई. मडम चहा देते, अन् मी म्हशीवानी पाहत राह्यते."

पैसे महिन्याला ठरले. "पन नागा केला तं कापीन," त्यांनी बजावले. म्हणजे इथेही हजेरी होतीच.

आमच्या सीताबर्डीहून धरमपेठ काही फार दूर नाही, निरोग्या माणसाला. मी वेळेच्या बरीच आधी निघे, बंगल्याच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली बसून श्वास पूर्ण खाली बसू देई, आणि मगच फाटकात शिरे. दार उघडणाऱ्याला मी नेहमी ताजीतवानी दिसत असे. दम्याविषयी मला कुणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. आपल्याकडे तरुण बाईच्या खोकल्याला लोक एकच नाव देतात, क्षय. तो शब्द ज्या घरात उच्चारला जातो तिथे आधी तुमचा कप वेगळा होतो, मग खुर्ची, आणि मग तुमचे येणेच थांबते. माझे येणे थांबले असते तर कॉलेजातले नावही गेले असते. इतका सरळ तो व्यवहार होता.

सुभद्राबाईंसारखी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळणार नाही. व्याकरण त्यांना नको होते. मी एक वाक्य म्हणायचे, त्यांनी माझ्या ओठांकडे, मानेकडे, हातांकडे टक लावून बघायचे आणि तसेच म्हणायचे. शेतातली नवी मजुरीण शेजारणीच्या हाताकडे बघून कापूस वेचायला शिकते, तशा त्या शिकत. एकदा मडमच्या चहापानाहून परत आल्या त्या फुलूनच.

"मडम म्हने, तुमच्यावानी इंग्रजी कोनीच बोलत नाई! बाकीच्या पोपटावानी भरभर. तुमी म्हने लय विचार करून बोलता."

आणि त्यांनी मला म्हणून दाखवले. "आय ॲम... व्हेरी ग्लॅड... टु सी यू." प्रत्येक थांब्यावर त्यांची हनुवटी जराशी वर जाई आणि खांदे किंचित उचलले जात. मला वाटले, मोठ्या घरची अदब असेल.

मग कापसाचा हंगाम आला. दुसऱ्या सहामाहीची फी संक्रांतीच्या आत भरायची होती, नाहीतर पटावरून नाव कमी. साठवलेले पैसे आणि येणारे पैसे मिळून ती जेमतेम भरणार होती. नेमका त्या वर्षी दम्याने मुक्काम वाढवला. पहाटेचा धूर मी सकाळीही घेऊ लागले, कधी घराबाहेर पडता पडता. आपल्याला सवय झालेला वास आपल्याला येत नाही. पण तो पदराला बसलेला असतो, केसांत असतो, आणि दुसऱ्याला आपल्या आधी भेटतो.

सुभद्राबाईंच्या आतेसासू, त्यांना सारे आत्याबाई म्हणत, शिकवणीच्या वेळी दाराशी जपमाळ घेऊन बसत. एका दुपारी त्यांनी माळ बाजूला ठेवली.

"सुभद्रे, हे कालेजातली पोरगी शिगरेट पेते वं! लुगड्याले वास येऊन राह्यला. म्या कालबी घेतला, आजबी घेतला."

"आत्याबाई, हळू बोला ना."

"काहून हळू? तिले मराठी समजत नाई काय?"

सुभद्राबाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत रागापेक्षा कुतूहलच जास्त होते. "पेता काय वं खरंच? पेत असान तं सांगून टाका. मडमाबी पेतात. पन घरात पोरी हायेत, मले तुमाले ठेवता येनार नाई."

काय गंमत पाहा! नाही म्हणावे, तर धूर कशाचा ते सांगावे लागणार. गप्प बसावे, तर सिगारेट माझ्या नावावर कायमची. चारित्र्य वाचवायचे तर प्रकृती उघडी पडते, आणि प्रकृती झाकायची तर चारित्र्य जाते. छत्री उचलून निघून जाणे सर्वांत सोपे होते, आणि माझ्यासारख्या भिडस्त मुलीला ते शोभलेही असते. पण निघून गेले असते तर फी कोण भरणार होते? मी उभी राहिले आणि सांगितले. धोतऱ्याचा धूर, लहानपणापासूनचा दमा, फाटकाबाहेरचा कडुनिंब, गेलेली शिष्यवृत्ती, संक्रांतीची मुदत, सगळे. अशा वेळी श्वास सरळ कसा चालेल? वाक्ये मध्येच तुटत होती. मी थांबत होते, खांदे वर उचलून हवा ओढत होते, आणि पुढे बोलत होते. त्या घरात प्रथमच मी ते लपवले नाही.

"क्षय तं नाई ना?" आत्याबाईंनी विचारले.

"नाही. दमा आहे. तो कुणाला लागत नाही."

सुभद्राबाई माझ्या खांद्यांकडे बघत होत्या. एकाएकी त्यांनी तोंडावर पदर धरला, आणि मग त्या पदरालाही हसू आवरेना.

"लागत कसा नाई? मले लागला ना वं! आय ॲम..." त्यांनी हनुवटी वर केली, श्वास घेतला, "व्हेरी ग्लॅड... हे जे मी मंधात मंधात दम घेते, हे इंग्रजीत नसते काय? मले वाटलं, इंग्रजी अशीच बोलाव लागते! म्हंजे इतके महिने मी तुमचा दमा शिकून राह्यली!"

"माय वं!" आत्याबाई म्हणाल्या. "मंग आता मडमले काय सांगशीन?"

मीही हसले. त्या घरात मी त्याआधी कधी मोठ्याने हसले नव्हते. हसले की मला खोकला येतो. आला. येऊ दिला. आत्याबाईंनी कुरकुरत पाण्याचा गडू पुढे केला, आणि मी पाहिले, तो रोजचाच गडू होता.

हसणे ओसरले तरी प्रश्न जागच्या जागी होता, आणि आता तो माझ्या हातात होता. मी म्हटले, "पौष, माघ माझे नागे होतील. ते कापू नका. उन्हाळ्यात कॉलेजला सुटी असते, तेव्हा मी रोज येईन आणि सगळे भरून काढीन." ज्या नागपुरी उन्हाळ्याला सारे जग शिव्या देते, त्यात माझी छाती बासरीसारखी मोकळी असते, हेही सांगितले. "पण पैसे मला संक्रांतीच्या आत हवेत."

"आगाऊ?"

"आगाऊ."

आत्याबाईंनी माळ उचलली. "अन् पोरगी आलीच नाई तं?"

सुभद्राबाईंनी मला पुन्हा एकदा खालीवर न्याहाळले. त्या नजरेत करुणा नव्हती. खाली बसून माती चुरगाळून बघणारी ती नजर होती.

"आत्याबाई, आपलं कन्हान नदीकाठचं वावर साऱ्या पावसाळ्यात पान्याखाली राह्यते. कोनी त्याले विकाले काढलं काय? मंग गहू कोन देते?"

या एका वाक्यावर मी किती दिवस विचार करीत आहे! घंटा वाजली की कॉलेज माणसाला मोजते, आणि त्या घटकेला जो नसेल तो नाहीच असे धरते. जमिनीला असे कुणी मोजीत नाही. पाणी चढते, बांध दिसेनासे होतात. शेतकरी घरी बसून दोर वळतो, आणि पाणी उतरले की पेरणीची पाभर घेऊन निघतो. बुडालेल्या महिन्यांचा गाळच पुढच्या गव्हाला पोसतो, असे सुभद्राबाई म्हणतात. माझ्या दम्याने मला इतके काही दिले आहे असे मी म्हणणार नाही. दम घुसमटण्यात काही सुख नाही, आणि त्याचे गोडवे गाणे मला जमत नाही. पण आपल्या वर्षातले कोणते महिने बुडतात आणि कोणते पिकतात, हे ज्याला ठाऊक असते, त्याला आपल्या कामाचा भाव ठरवता येतो. मी भाव सांगितला होता, आणि तो मान्य झाला होता. थांबून थांबून बोलण्याची ती सवय सुभद्राबाईंनी मात्र पुढेही सोडली नाही. मडमले आवडते, म्हणाल्या, आपल्याले काय जाते?

संक्रांतीच्या आधी मी फी भरायला गेले. जाळीच्या खिडकीपाशी मुलांची लांब रांग होती, तीत मी एकटीच मुलगी. हवेत रुई होती, आणि चालून आल्याने माझा श्वास वर चढलेला होता. एरवी मी बाजूच्या व्हरांड्यात बसून तो शांत होऊ दिला असता. त्या दिवशी थेट रांगेत उभी राहिले. खिडकीशी पोचले तेव्हा आतल्या कारकुनाने माझ्या मागे पाहिले.

"वडील नाही आले?"

"नाही. माझी फी मीच भरते आहे."

"नाव?"

मी नाव सांगितले आणि आडनावाच्या आधी थांबले. त्याची लेखणी कागदावर टेकलेली राहिली. मागच्या मुलाने पाय बदलला, कुणीतरी खाकरले. मी श्वास पुरा आत घेतला, सावकाश सोडला, आणि मग आडनाव सांगितले.