पुलर नव्हता म्हणून

रॉकेलचा वास आला की आमचं पालम तालुक्यातलं अंगण आठवतं. बाबांनी तिथं जीपचं इंजिन खोलून भाग रॉकेलात धुवायला ठेवले होते. गावात एसटी नव्हती, ताई त्याच जीपनं कॉलेजला जायची. इंजिनाची पुली ओढून काढायला पुलर लागतो. आमच्याकडं पाने आणि हातोडा, एवढंच.

"बाबा, परभणीहून पुलर आणा की," ताई म्हणाली.

"कशात बसून आणायचा? जीप तर हितं उघडी पडलीय!" शेजारचे काका हसले. "हाना हातोडा, निघतंय."

बाबांनी हाणला. क्रँकच, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडाच तुटला. जीप गेली, ताईचं कॉलेजही गेलं.

तेव्हा सगळे नशीब म्हणाले. कसलं नशीब? गावाला बस न देणं हा धडधडीत अन्याय आहे! मी बससाठी पत्रकं वाटतो. बस अजून नाही. गावातच दिलेल्या ताईची मुलगी दहावी पास होऊन घरीच बसलीय.