मागच्या चाकांची हवा

आमच्या घरून कोणीही लांबच्या प्रवासाला निघालं की बाबा आधी चाकं बघायचे. शेलूबाजार ते मंगरूळपीर प्रवासी जीप चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मागे माणसं दाटीवाटीनं, टपावर पोती, म्हणून मागची चाकं टणक हवीत, एवढा त्यांचा नियम. हवा मोजण्याचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. चाकाला टाच मारायची आणि आवाज ऐकायचा. आवाज पटला की गाडी निघायची. मी इंजिनिअरिंगला गेले त्या सकाळी घरात सगळे काही ना काही सांगत होते. बाबा मात्र जीपशेजारी पायपंप मारत होते. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. तो पंपाचा आवाज हाच त्यांचा निरोप होता, हे मला त्या वेळीही कळलं होतं.

आता मी पुण्यात एका गॅरेजमध्ये काम करते. तिथे हौशी लोकांच्या वेगवान गाड्या ट्रॅकसाठी तयार होतात. ट्रॅकचा दिवस म्हणजे शर्यत नव्हे. बंद रस्त्यावर किंवा वापरात नसलेल्या धावपट्टीवर लोक आपापली गाडी पळवून बघतात आणि संध्याकाळी त्याच गाडीनं घरी जातात. गाडी धडपणे परत येणं हे आमचं काम.

मी सुट्टीवर घरी आले होते तेव्हा गॅरेजच्या मालकांचा फोन आला. अकोल्याच्या एका डॉक्टरांना आमच्या घरापासून तासाभरावरच्या एका जुन्या धावपट्टीवर गाडी न्यायची होती. पुण्याहून माणूस पाठवणं जमत नव्हतं. "तू एकटी करशील का? डॉक्टर समाधानी झाले, तर तिकडच्या गाड्या यापुढे तूच बघ," ते म्हणाले. तोवर मला एकटीला गाडी कोणी दिली नव्हती. आणि तिकडच्या गाड्या म्हणजे घराजवळचं काम. मी हो म्हटलं.

डॉक्टर आदल्या दिवशी गाडी आमच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवून गेले. राखाडी रंगाची, जमिनीला टेकल्यासारखी, दोनच माणसांची. शेजारच्या काकू बघायला आल्या.

"इंजिन कुठी हाय वं याचं?"

"मागं आहे, काकू."

"अन् सामान?"

"पुढं."

"उलटीच बनवली म्हणा की. पैसे देताना पाह्यलं नाई का डॉक्टरनं?"

बाबा हसले नाहीत. ते गाडीच्या मागे उकिडवे बसून इंजिन नेमकं किती मागे आहे ते बघत होते.

दिवसभर मी काम केलं. ब्रेकचं जुनं ऑइल काढून जास्त उष्णता सोसणारं भरलं. ब्रेकची पॅडं पाहिली. पायाखालच्या चटया, जॅक, डॉक्टरांच्या पाण्याच्या बाटल्या, जे जे सुटं होतं ते बाहेर काढलं. चाकांचे नट ठरलेल्या जोरानं आवळले. मग टायरच्या कडेवर, जिथे रस्त्याला टेकणारा भाग संपतो तिथे, खडूनं आडव्या रेघा मारल्या. वळणावर टायर किती कलंडतो ते या रेघांवरून कळतं. रेघ फार खालपर्यंत पुसली तर हवा कमी, जराही पुसली नाही तर हवा जास्त.

"पोयाचा बैल सजवून राह्यली का?" काकू दारातून म्हणाल्या.

हवा मी पहाटे भरायची ठरवली. चाकं पळाली की तापतात, आतली हवा तापते आणि आकडा वर चढतो. म्हणून सगळा हिशोब थंड चाकांवर करायचा, तोही सावलीत. धावपट्टीवर सावली नव्हती, आणि तिथवर जाईपर्यंत चाकं गरम होणार होती. उजाडता उजाडता मी हवा मोजायचं गेज लावून हवा भरली. पुढे अठ्ठावीस पौंड, मागे तीस. रस्त्यावर चालवायला ही हवा कमीच, पण ट्रॅकवर ती तापून हव्या त्या आकड्यावर येते. डॉक्टरांना हळू चालवायला सांगायचं ठरवून मी आंघोळीला गेले.

डॉक्टर आले, पोहे खाल्ले आणि गाडी घेऊन निघाले. मी आणि बाबा अवजारं घेऊन जीपमधून त्यांच्या मागे. बाबा खुशीत होते. मध्येच म्हणाले, "आता मागून बरी दिसून राह्यली गाडी." मी त्याचा अर्थ विचारला नाही.

धावपट्टीवर पोचल्यावर मी पुन्हा गेज लावलं. गाडी पळायच्या आधी मोजायचंच, अशी आमची शिस्त आहे. पुढच्या दोन्ही चाकांत एकतीस. बरोबर होतं, तासभर चालल्यावर तेवढं चढतं. मागच्या डाव्या चाकात पंचेचाळीस. मला वाटलं गेज बिघडलं. उजव्यात चव्वेचाळीस.

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"बाबा, तुम्ही हवा भरली?"

"व्हय. मागची पार बसली होती, बाई. टाच मारली तर आवाजच नाई. इंजिन मागं, म्हणजे वजन मागं. म्हटलं, तू घाईत विसरली."

"किती भरली?"

"ते काय मोजलं नाई. पाय भरून आला तवा थांबलो."

विचार चुकीचा नव्हता. जीपला तो अगदी लागू होता. पण टायर इतका टणक झाला की रस्त्याला पुरता टेकत नाही, आणि मागे इंजिन असलेल्या गाडीचं मागचं अंग वळणावर सटकलं तर ती भोवऱ्यासारखी फिरते. गाडीत बसणारा माणूस आमच्या घरी पोहे खाऊन आला होता.

तिकडे पहिल्या फेरीच्या गाड्या रांगेत लागत होत्या. डॉक्टर हेल्मेट घालून आले. "चला, इंजिनिअर मॅडम, झालं का?"

अंदाजानं हवा सोडून त्यांना पाठवता आलं असतं. पुढच्या चाकांत तीन चढली, तर मागच्यांत साधारण तेवढीच धरायची. पण मागची चाकं जास्त वजन घेऊन आणि वेगळ्या हवेवर आली होती, आणि डाव्या बाजूला सगळ्या वाटेनं ऊन होतं. मला तो अंदाज पुरेसा वाटेना.

"ही फेरी सोडावी लागेल," मी म्हटलं. "मागच्या चाकांची हवा चुकली आहे. चाकं थंड करून पुन्हा मोजते."

"चुकली? सकाळी तर तुम्ही म्हणालात सगळं झालं."

"सकाळी झालं होतं."

"मग?"

मी काही बोलायच्या आत बाबा पुढे झाले. "डॉक्टरसाहेब, हवा म्या भरली. तिले माहीत नव्हतं. तिनं मोजून ठेवली होती, म्या मोडली."

डॉक्टरांनी हेल्मेट काढलं. एकदा बाबांकडे, एकदा रांगेकडे पाहिलं. पहिली गाडी सुटल्याचा आवाज झाला. "इतक्या लांब आलो," ते म्हणाले, "आणि आता नुसता बघत बसू?" ते जाऊन त्यांच्या मित्रांजवळ उभे राहिले.

बाबांनी जीपमधून ताडपत्री काढली. पूर्वी ती टपावरच्या पोत्यांवर टाकलेली असायची. तिचं एक टोक त्यांनी जीपच्या कॅरिअरला बांधलं, दुसरं दोन बांबूंवर ताणलं, आणि गाडी आम्ही ढकलून त्या सावलीत घेतली. चाकांना हात लावला तर चटका बसत नव्हता, पण ऊब होती. आम्ही थांबलो. बाबा विडी पेटवायला निघाले होते, पण पेट्रोलचा वास आला तशी ती खिशात ठेवली.

"पाणी मारू का चाकावर?" त्यांनी विचारलं.

"नको. आपोआप निवू द्या."

"मले वाटलं तुले मदत होईन."

"माहीत आहे, बाबा."

चाकं हाताला सारखीच गार लागू लागली तेव्हा मी चारही पुन्हा मोजली. पुढची अठ्ठावीसवर परत आली होती, म्हणजे चाकं खरंच निवली होती. मागच्यांतली हवा सोडत तीसवर आणली. नट पुन्हा आवळले. पुसलेल्या खडूच्या रेघा नव्यानं मारल्या. मग डॉक्टरांना हाक दिली.

दुसऱ्या फेरीत ते गेले. धावपट्टीवर टायर रचून वळणं केली होती. त्यातल्या शेवटच्या वळणावर गाडी दिसायची आणि पुन्हा लांब जायची. बाबा प्रत्येक वेळी ती दिसेपर्यंत टाचा उंचावून उभे राहायचे. मीही. गाडी परत आली तेव्हा मी लगेच गेज लावलं. गरम चाकांचे आकडे हवे तिथे होते. खडूच्या रेघा कडेपर्यंत पुसल्या होत्या, त्याखाली शाबूत होत्या.

डॉक्टर उतरले. घामानं शर्ट चिकटला होता. "मागून जराही सुटली नाही आज," ते म्हणाले. "मागच्या वेळी एका वळणावर माझा श्वास अडकला होता." मग पाणी पिऊन पुढच्या फेरीला गेले, आणि त्याच्याही पुढच्या.

दुपार उतरल्यावर सामान भरताना ते माझ्याजवळ आले. "पुण्याला फोन केला मी. पुढच्या वेळी गाडी परत तुमच्याकडेच ठेवीन म्हटलं." मग बाबांकडे वळून म्हणाले, "फक्त तो पंप कुलपात ठेवा, काका."

"किल्ली हिच्यापाशी देतो," बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

तिथून डॉक्टरांना थेट अकोल्यापर्यंत परत जायचं होतं. ट्रॅकची हवा तेवढ्या लांब रस्त्याला चालत नाही, ती वाढवावी लागते. मी पुढच्या चाकाशी गेज घेऊन बसले. बाबांनी जीपमधून पायपंप आणला आणि मागच्या चाकाशी ठेवला. सवयीनं टाच मारायला त्यांनी पाय उचलला, मग तो तसाच खाली टेकवला.

"भरू का?"

"भरा."

पंपाची नळी लावून ते माझ्याकडे बघत थांबले. "किती?"