संदेष्ट्याचं बोट

नाताळच्या नाटकात संदेष्टा यशया कोण होणार, यावरून आमच्या बिल्डिंगमध्ये जे झालं ते सांगितलं नाही तर माझं पोट फुगेल. आणि सुरुवात माझ्यामुळेच झाली, अर्थात.

वरच्या मजल्यावर अक्का राहतात. ख्रिस्ती, चर्चचं नाटक दरवर्षी त्याच बसवतात. आमच्या शेजारी आजोबा. रेल्वेत गार्ड होते, मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएली. म्हणजे ज्यू, पण बोलणं मराठीच, उलट माझ्यापेक्षा स्वच्छ, कारण माझं निम्मं कन्नड असतं. हुबळीत त्यांचं असं दुसरं कुणी नाही. त्यांच्यात सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची तर दहा पुरुष लागतात. बाकीचे नऊ आमच्या विद्यानगरात कुठून आणणार? म्हणून दर शनिवारी ते पुस्तक उघडून मनातल्या मनात वाचायचे. एकदा मला म्हणाले, "मोठ्यानं वाचलं तर भिंतच ऐकते. भिंतीसाठी कशाला घसा कोरडा करायचा?"

मला इतकं वाईट वाटलं की मी तशीच वर पळाले. अक्कांचा नेहमीचा यशया बदली होऊन बंगळूरला गेला होता.

"अक्का, खरी पांढरी दाढी! खरं हिब्रू! आणि खालच्या मजल्यावर!"

मला वाटायचं, पुस्तक तर दोघांचं एकच. अक्का ज्याला जुना करार म्हणतात, तेच आजोबांचं. फक्त आजोबा त्याला जुना म्हणत नाहीत. "नवा आमच्याकडे आलाच नाही, मग हा जुना कसा?" पण लोकांसमोर वाचायला मिळणार म्हटल्यावर ते इतके खूश झाले की झग्याचं कापड कोप्पीकर रोडवरून स्वतः घेऊन आले.

तालीम अक्कांच्या हॉलमध्ये. उतारा असा: एक बाळ जन्मलंय, राज्याचा भार त्याच्या खांद्यावर असणार. आजोबांनी काय वाचलं! पंखासुद्धा बंद करावासा वाटला.

"आता अण्णा," अक्का आजोबांना म्हणाल्या, "एवढं झालं की गव्हाणीकडे बोट दाखवायचं. बोटामागं लाइट जाईल आणि बाळ येशू दिसेल."

आजोबांनी पुस्तक मिटलं. "वाचीन. बोट नाही दाखवणार."

"अल्री, तसं नाही अण्णा, सगळं बोटातच आहे! संदेष्ट्यांनी आधी सांगून ठेवलं, ते येशूत खरं झालं, असंच आम्ही मानतो. बोट नसलं तर काय, एक म्हातारा पुस्तक वाचतोय!"

"आमच्याकडे तेवढंच आहे," आजोबा म्हणाले. "ते बाळ यशयाच्याच काळातल्या राजाच्या घरचं. आम्ही ज्याची वाट बघतोय तो अजून यायचाय." आणि झगा काखेत मारून खाली गेले.

अक्का रडकुंडीला. नवीन पाळकसाहेब पहिल्यांदाच नाटक बघणार होते. मी आजोबांच्या मागे धावले.

"आजोबा, एक बोट! काय जातं तुमचं?"

"गणपतीत मंडळाच्या पोरांनी दशावताराचा देखावा केला. नववा अवतार बुद्ध म्हणून तुझ्या भावाला मागितलं. तू काय केलंस, पोरी?"

काय केलं? भर चौकात तमाशा केला! पणजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही अशी प्रतिज्ञाच केली होती. मी ओरडले होते, "आमचा माणूस उचलून तुमच्या रांगेत कसा उभा करता?" आणि ती पोरं म्हणत होती, "अगं, मानानंच घेतोय की!"

"तू चौक डोक्यावर घेतलास," आजोबा म्हणाले. "मी नुसतं बोट आवरतोय."

मी हट्ट सोडला. आमच्या घरात यावर अजून कुणाचा विश्वास नाही.

वर जाऊन मी अक्कांना गणपतीतल्या तमाशाची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "ते वेगळं गं हुडुगी. आमचं खरं आहे." मंडळाच्या पोरांनाही आपलंच खरं वाटत होतं, पण ते मी गिळलं. शेवटी दाढी दुसऱ्या कुणाकडे नव्हती, म्हणून अक्का नमल्या. नमल्या म्हणजे लाइटवाल्याला हळूच सांगून ठेवलं, "अण्णांचं बोट जाईल तिथं लाइट टाक." स्टेजवर चढल्यावर माणूस विरघळतो, अशी त्यांना आशा.

नाताळ आला. चर्च भरलेलं. आजोबांनी पुस्तक उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि उजवीकडून डावीकडे सरकवत हिब्रूत वाचायला लागले. लाइटवाल्यानं सांगितलेलं चोख केलं. पुस्तक लख्ख, बाळ येशू अंधारात. ठरलेली ओळ आली, गेली. आजोबा थांबेनातच! इतक्या वर्षांनी समोर माणसं होती. मेंढपाळ खाली बसले, मरियेनं जांभई दिली, आवाज मात्र चढतच होता. विंगेत अक्का नुसत्या "साकु, साकु, पुरे आता" करत होत्या.

नाटक संपल्यावर पाळकसाहेब डोळे पुसत आत आले. "बाळ अंधारात आणि प्रकाश वचनावर! काय कल्पना आहे, अक्का!"

अक्कांनी मान खाली घालून कौतुक स्वीकारलं. ते गेल्याबरोबर वळल्या. "अण्णा, पुढं एवढं काय वाचलंत?"

"लोक माजलेत, देवाचा राग उतरलेला नाही, त्याचा हात अजून उगारलेलाच आहे. तुम्हाला बोट हवं होतं ना? अख्खा हात दिला."

"अय्यो, नाताळात?"

"मी काय करू? पुढच्या ओळींत तेच आहे. तुम्ही लोक गोड आलं की पुस्तक मिटता."

दुसऱ्या दिवशी अक्का केक आणि आपलं कन्नड पुस्तक घेऊन खाली आल्या. केक आजोबांपुढं सरकवला आणि उभ्या उभ्याच ते पान काढून वाचलं. मग खुर्ची ओढली. "आहे खरं. इतकी वर्षं मी बरोबर त्याच्या आधी थांबत आले." थोड्या वेळानं, "पण बाळ येशूच हां, अण्णा."

"नाही," आजोबा म्हणाले आणि केक खाल्ला.

आता दर शनिवारी सकाळी आजोबा मोठ्यानं वाचतात. अक्का कन्नडमध्ये ओळ शोधत मागोमाग येतात आणि मधेच थांबवतात, "हे आमच्या प्रभूबद्दलच!" मी दोघांना चहा देते आणि कधी यांची, कधी त्यांची बाजू घेते. त्या दहा पुरुषांत आम्ही दोघी धरल्या जात नाही, हे आजोबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं.

"मग भिंतीपेक्षा तरी बऱ्या आहोत ना?" मी विचारलं.

आजोबांनी पुढची ओळ शोधली. "भिंत मधे बोलत नव्हती," म्हणाले, आणि आवाज आणखी चढवला.