मागे आपलाच गोल

कोचबाईला कागदी ताट दिलं. बाकी सगळ्यांना स्टीलची ताटं.

घर मेधाचं. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत, आमच्या घरासमोरच. तिचा नवरा माझ्या मुलाचा ऑफिसातला साहेब. तिची मुलगी आणि माझी नात एकाच टीममध्ये फुटबॉल खेळतात. मोसम संपला म्हणून मेधाने चार मराठी घरांना आणि कोचबाईला जेवायला बोलावलं होतं. कोचबाई चिनी. तिच्यापुढे कागदी ताट आणि प्लॅस्टिकचा पेला ठेवून मेधा गोड हसली. ‘प्लीज, प्लीज, स्टार्ट.’

मी वाढायला मदत करत होते. मेधा माझ्या कानाशी आली. ‘काकू, ते लोक काय काय खातात, तुम्हाला माहीतच आहे. या ताटांत आमच्याकडे महालक्ष्म्यांचा नैवेद्य दाखवतात. तुम्ही आपल्यातल्या, म्हणून बोलले.’

आपल्यातल्या.

मी तिच्यातली नाही. आमचं घर गावाबाहेरचं. लहानपणी गावात लग्न असलं की आई मला जर्मनची ताटली देऊन पाठवायची. मांडवाच्या बाहेर बसायचं. वाढणारा वरून टाकायचा. ताटली आपली आपण घासून घरी न्यायची. शाळा चौथीत सुटली. ती ताटली लग्न होईपर्यंत सुटली नाही.

मुलगा शिकला, इंजिनिअर झाला. नोकरीच्या आधी त्याने आडनाव बदललं. गावाच्या नावाला ‘कर’ लावला. मी इथे आले तेव्हा गाडीतच म्हणाला, ‘आई, कुणी मूळ गाव विचारलं तर पुणं सांग. पुढे बोलू नकोस.’ इथे भेटणारा प्रत्येक माणूस तेच विचारतो. मूळ गाव कुठलं? आधीचं आडनाव काय? मी पुणं सांगत राहिले. म्हणून तर त्या दिवशी माझ्यापुढे स्टीलचं ताट होतं.

कोचबाईची गोष्ट मला मैदानाच्या कडेला कळली होती. ती तोडकं इंग्रजी बोलायची, नात ते तोडक्या मराठीत मला सांगायची. लहानपणीच तिला खेळाच्या शाळेत नेऊन ठेवलं. घर वर्षातून एकदा दिसायचं. उंच होती, म्हणून मागे उभी केली. डिफेंडर. मोठी झाली तशी तिकडच्या क्लबात पगारी खेळाडू झाली. तरी जागा मागचीच. गोल मारला की कौतुक पुढचीचं, गोल खाल्ला की नाव हिचं. एकदा मोठ्या सामन्यात चेंडू हिच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेला. लोकांनी ते विसरू दिलं नाही. नंतर क्लब बंद पडला. अमेरिकेत एका लहान क्लबाने घेतलं. तिथे सांगितलं, तू बोलू नकोस, नुसती उभी राहा. गुडघा गेल्यावर ते उभं राहणंही संपलं. मग पोरींना शिकवायला लागली. हे सांगताना ती हसत होती. मला हसू आलं नाही.

मैदानावर ती पोरींना ओरडायची, समोरचीच्या पायांकडे बघू नका, कमरेकडे बघा. पाय फसवतात. आणि एखादी पोर घाबरून मागे मागे सरायला लागली की म्हणायची, ‘किती मागे जाशील? मागे आपलाच गोल आहे.’

त्या जेवणात मेधाचं तोंड गोड होतं. मी तिचे हात बघितले. स्टीलची ताटं मांडताना ते कोचबाईला टाळून गेले होते.

मी माझ्या ताटातली पोळी, भाजी, श्रीखंड एका कागदी ताटात काढलं. स्टीलचं ताट मेधाच्या हातात दिलं. कोचबाईशेजारी जाऊन बसले.

‘अहो काकू, हे काय?’

‘ते ताट धुऊन ठेव. नीट धू. मी पण तुझ्यातली नाही.’

मग जात सांगितली, कोचबाईकडे बघून ‘कास्ट’ असंही म्हणाले. जुनं आडनाव सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मुलाने मान खाली घातली. मेधाचा नवरा म्हणाला, ‘काकू, अमेरिकेत कोण मानतं हो हे?’

‘मग ताटं दोन तऱ्हेची का?’

‘एक ताट कमी पडलं हो,’ मेधा म्हणाली. ‘तुम्ही भलतंच मनाला लावून घेता.’ तिच्या मागे काचेचं कपाट होतं. त्यात ताटांची चळत दिसत होती. कुणीतरी घरपट्टीचा विषय काढला. सगळे त्यावर तुटून पडले.

कोचबाईने नातीला विचारलं, ‘व्हॉट इज कास्ट?’

‘आय डोन्ट नो, कोच.’

ते मला मेधाच्या ताटापेक्षा जास्त लागलं. आम्हीच तिला कधी सांगितलं नव्हतं.

घरी आलो. दार लावल्यावर मुलगा फुटला. ‘तो माझा साहेब आहे, आई! एका ताटापायी माझं वाटोळं करशील.’

‘त्याने तुला कामाला ठेवलं की आडनावाला?’

तो जिना चढून वर गेला.

सुधारलं काहीच नाही. मेधा आता मला बघून गॅरेजचं दार पाडते. कोचबाईला पुढच्या मोसमाला ठेवलं नाही. पोरींना गोल मारायला शिकवत नाही, असं कारण दिलं. मला फार चीड आली. कुणापुढे काढणार? मुलगा अजून धड बोलत नाही.

नातीला मात्र मी समोर बसवून सगळं सांगितलं. ताटली, मांडव, आडनाव. ती म्हणाली, ‘आजी, व्हाय डिडन्ट यू टेल मी?’ मी म्हणाले, भीती होती. तुझ्या बापाला आणि मलाही.

गावातून पुण्याला. जुन्या आडनावातून नव्या आडनावात. तिथून टेक्सासला. मागे सरत सरत इतकी लांब आले. आता मागे जायला जागा नाही. येऊ दे कुणीही मूळ गाव विचारायला. गाव सांगेन. गावातलं घरही सांगेन. पूर्वेला, ओढ्यापलीकडे, जिथून तुमच्या लग्नांत जेवायला आम्ही आमची ताटली घेऊन यायचो.